समाधानानुसार बंद

सोमवार, १३ जानेवारी २०२५

मनाली मॅडमनी आम्हा सगळ्या टीम लीडर्सना डायरी लिहायला सांगितलं आहे. कुणाला दाखवायची नाही. लिहिल्याने माणूस स्वतःकडे बाहेरून बघायला शिकतो, असं त्यांना कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये कळलं. मॅडम आमच्या झोनल हेड. त्यांचं सांगणं मी सहसा टाळत नाही.

मी हितेंद्र धुरी. झेपनेट ब्रॉडबँड, लोअर परळ, तक्रार निवारण विभाग. लोकांचं इंटरनेट बंद पडतं, लोक आम्हाला फोन करतात, आम्ही त्यांची तक्रार चोवीस तासांत बंद करतो. इंटरनेट चालू करणं हे फील्डवाल्यांचं काम. हा फरक बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही.

आज आमच्याच घरचं नेट गेलं. लालबागला भाग्योदय बिल्डिंगमध्ये आम्ही तिघं राहतो: मी, माझी बायको मेघना आणि बाबा. कनेक्शन अर्थात झेपनेटचं. मेघना स्पीच थेरपिस्ट आहे. परळच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून दिवाळीपासून ती घरूनच ऑनलाइन पेशंट बघते. तिने ऑफिसात फोन केला की राउटरचा दिवा लाल लुकलुकतोय. मी म्हटलं, बंद करून चालू कर. ती म्हणाली, केलं. मी म्हटलं, पुन्हा कर, पहिली पायरी तीच आहे. तिने फोन ठेवला. केलं असावं.

बुधवार, १५ जानेवारी

दिवा लालच. मेघनाने रीतसर हेल्पलाइनला फोन लावला. मीच तसा सल्ला दिला. घरचा माणूस म्हणून मी मधे पडणं शिस्तीला धरून झालं नसतं.

हेल्पलाइनवरचा मराठी आवाज मेघनाचाच आहे. मराठी मजकूर मी लिहिला होता, आणि स्टुडिओतल्या बाईंचे उच्चार मॅडमना पसंत पडेनात, म्हणून मी मेघनाला घेऊन गेलो होतो. तिचा आवाज स्वच्छ, ऐकणाऱ्याला धीर देणारा. तर मेघना फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि फोनमधून मेघनाच तिला सांगत होती, "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया लाइनवर राहा." मी जरा अभिमानानेच बाबांकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "सून थंयसूनय बोलता नि हंयसूनय. मगे तुझी कंपनी खंय आसा?"

बाबांना गिरणीतली नोकरी सुटल्यापासून कुठल्याच कंपनीबद्दल चांगलं बोलता येत नाही.

भात शिजून झाकून ठेवेपर्यंत मेघना लाइनवर होती. शेवटी तक्रार नोंदली गेली. मग मी स्वतः घरात पाहणी केली. राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवला, तिथून खिडकीत, मग देवघराच्या फळीवर. फळीवर दिवा किंचित फिकट लाल वाटला. मेघना म्हणाली, "अरे, वायरमध्येच काही येत नाहीये, डबा फिरवून काय होणार?" बाबा म्हणाले, "देवाच्या बाजूक ठेवलंस, आता उदबत्ती पण ओवाळ."

शुक्रवार, १७ जानेवारी

मेघना सध्या शामराव मेस्त्री नावाच्या गृहस्थांमुळे अस्वस्थ आहे. ते देवगडजवळच्या गावी असतात. एसटीत कंट्रोलर होते, स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. नोव्हेंबरात मेंदूत गुठळी झाली आणि वाचा गेली. सगळं समजतं, पण शब्द सापडत नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मोबाइल समोर धरतात आणि मेघना इकडून शिकवते. पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात म्हणे. गावात त्यांच्याकडे रेंज उत्तम आहे.

आज तिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रयत्न केला. आमच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज धड मिळत नाही. शामराव पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून "पा" म्हणाले आणि चित्र गोठलं. पुन्हा जोडलं तोवर ते तोंड फिरवून बसले होते. मेघनाने मोबाइल उपडा ठेवला. मी म्हटलं, "तक्रार नोंदली आहे ना, मग होईल."

ऑफिसात आठवड्याचा रिपोर्ट होता. माझ्या टीमच्या यादीत चोवीस तास उलटून गेलेली एकच तक्रार दिसत होती, ती आमच्या घरची. ही गोष्ट बरी दिसत नाही. घरचंच नाव वर लाल अक्षरांत. मी ती माझ्या लॉगिनवरून बंद केली. सोमवारी पुन्हा उघडता येते, त्यात काही अडचण नसते.

संध्याकाळी मेघनाने मला मेसेज दाखवला. "आपली तक्रार आपल्या समाधानानुसार बंद करण्यात आली आहे." हे वाक्यही माझंच. ती म्हणाली, "कुणाच्या समाधानानुसार?" मी म्हटलं, सिस्टिम आपोआप करते. तिने विचारलं, "आपोआप?" मी हो म्हटलं. उगाच गैरसमज नको.

रविवार, १९ जानेवारी

शेवटी राजेशला फोन केला. राजेश आमचा फील्डवाला, कंत्राटदाराकडून येतो, लालबाग-चिंचपोकळी त्याच्याकडे. दोन मोबाइल, दोन्ही सतत वाजणारे. जिन्यातल्या कंपनीच्या बॉक्समध्ये त्याने काहीतरी केलं आणि चहा प्यायच्या आत दिवा हिरवा झाला. "सर, तुमचं घर म्हणजे आपलं घर," असं म्हणून चहा अर्धा टाकून गेला. मेघनाने लगेच देवगडला फोन करून उद्याची वेळ ठरवली. तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. आमच्या सिस्टिममध्ये समाधान मोजतात ते एकपासून पाचपर्यंत. चार तरी असावं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या गंगुबाई काकी खाली आल्या. त्यांचं नेट दुपारपासून गेलं. काकी एकट्या असतात, मुलगी मस्कतला, रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय जेवत नाहीत. मी त्यांची तक्रार माझ्या मोबाइलवरून लगेच नोंदवून दिली. शेजारधर्म म्हणून एवढं करतोच.

मंगळवार, २१ जानेवारी

काकींचं नेट आलं. आमचं गेलं.

गुरुवार, २३ जानेवारी

आमचं आलं. तळमजल्यावरच्या नाईकांचं गेलं. नाईकांची तक्रार नोंदवून संध्याकाळपर्यंत बंदही झाली, पण मग तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी गेलं. एकाच बिल्डिंगमध्ये इतक्या जणांचे राउटर पाठोपाठ बिघडावेत हे आश्चर्य आहे. कदाचित विजेचा दाब कमी-जास्त होत असेल. मी सगळ्यांना राउटर बंद करून चालू करायला सांगितलं.

मात्र आज एक चांगली गोष्ट झाली. मॅडमनी मीटिंगमध्ये पडद्यावर नकाशा दाखवला. आमची बिल्डिंग सगळ्या झोनमध्ये सर्वात गडद हिरवी. सर्वात जास्त तक्रारी वेळेत बंद. मॅडम म्हणाल्या, "हितेंद्र, हे तू राहतोस तिथेच ना? म्हणजे तू काम घरी घेऊन जातोस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्चच्या आधी झोनचा पुरस्कार जाहीर होतो.

शनिवार, २५ जानेवारी

आमचं बंद, म्हणून मेघना लॅपटॉप घेऊन काकींकडे गेली आणि तिथून शामरावांचा तास घेतला. काकी बाजूला बसून पालेभाजी निवडत होत्या म्हणे. शामराव आज "पाणी" म्हणाले. त्यानंतर काकींनीही इकडून "पाणी" म्हटलं आणि ते हसले. मेघना आनंदाने सांगत होती. मी विचारलं, काकींकडे स्पीड किती मिळाला? तिने लॅपटॉप मिटला.

रात्री जेवताना म्हणाली, "हितू, माझं काय चाललंय ते तुला कळतं का? हे काम मी एकटीने उभं करतेय. माणसं माझ्यावर विसंबून बसलीत आणि मी वरच्या मजल्यावर जागा मागत फिरते."

मी म्हटलं, "तुझी नाराजी मी समजू शकतो."

ती म्हणाली, "हे वाक्य तू माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं होतंस."

खरं होतं. वाक्य चांगलं आहे म्हणूनच तोंडात आलं. पण ती ताट घेऊन उठली. बाबांनी माझ्याकडे बघत पापड मोडला.

गुरुवार, ३० जानेवारी

आज जे झालं त्याचा मी शांतपणे विचार करतो आहे.

दुपारी राजेश नाईकांचं काम करायला आला तेव्हा मेघना जिन्यात उभी राहिली. त्याने बॉक्स उघडला, एक वायर काढली आणि त्या जागी नाईकांची लावली. तिने विचारलं, ही काढलीस ती कुणाची? तो म्हणाला, "मॅडम, तुमचीच. पण टेन्शन घेऊ नका, तुमची कंप्लेंट आली की परत लावतो." बॉक्समध्ये आठ जागा आहेत. बिल्डिंगमध्ये झेपनेटची नऊ घरं. नववं घर डिसेंबरातल्या नव्या जोडण्यांच्या मोहिमेत घेतलं होतं. तिने विचारलं, मग असं किती दिवस? राजेश म्हणाला, "मॅडम, मला रोज इतक्या कंप्लेंट बंद करायच्या असतात. नाही केल्या तर माझा कंत्राटदार मला बंद करतो."

मेघनाने हे सगळं मला फोनवर सांगितलं. मी तिला समजावलं की जागा कमी असणं ही क्षमतेची बाब आहे, ती नेटवर्क प्लॅनिंगकडे येते. माझा विभाग तक्रारींचा. ती म्हणाली, "आणि तक्रार कसली आहे?" मी म्हटलं, तक्रारीचं कारण हा वेगळा विषय आहे.

तरी मी स्वस्थ बसलो नाही. कँटीनमध्ये प्लॅनिंगच्या चिंतामणीला गाठलं आणि मोठा बॉक्स मागितला. त्याने लॅपटॉप उघडून बघितलं. "अरे, मोठा बॉक्स पाहिजे तर त्या बिल्डिंगचा असंतोष दाखव. तुझ्याच रिपोर्टमध्ये ती शंभर टक्के समाधानी आहे. समाधानी बिल्डिंगला बॉक्स कशाला?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. रिपोर्टवर सही माझी आहे. मी म्हटलं, पुरस्कार जाहीर होईपर्यंत राहू दे.

घरी येऊन मेघनाला सांगितलं. शंभर टक्के ऐकून तिला थोडं तरी बरं वाटेल असा माझा अंदाज होता. ती म्हणाली, "त्या शंभरात मी पण आहे का?" मी म्हटलं, अर्थात.

रविवार, २ फेब्रुवारी

काकींच्या स्वयंपाकघरात बिल्डिंगची बैठक झाली. मला बोलावणं नव्हतं, पण जिन्यात आवाज येतो. मेघना बोलत होती. मग सगळेच बोलत होते. ठरलं असं की रोज एका घराने आपण होऊन आपली वायर काढून ठेवायची, पाळीपाळीने. काकींचा मुलीशी बोलायचा वेळ सोडून त्यांची पाळी. नाईकांच्या मुलीची परीक्षा आहे, म्हणून त्यांची पाळी परीक्षेनंतर. आणि शामरावांच्या तासाला मेघनाची वायर कुणी हलवायची नाही. "त्या देवगडच्या माणसाचो तास आसा," असं बाबा म्हणाले. ते तिथे कधी गेले मला कळलं नाही.

कंपनीच्या बॉक्सला ग्राहकाने हात लावणं नियमात बसत नाही. मी मेघनाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग तक्रार कर."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बिल्डिंगमधून एकही तक्रार नाही. मॅडमनी विचारलं, "काय रे, तुमच्याकडे लोक बाहेरगावी गेलेत का?" बंद करायला तक्रार नाही तर बंद करण्याचं प्रमाण कसं काढायचं? जरा काळजी वाटते. मेघनाचे दोन तास व्यवस्थित झाले. शामराव आता "पाणी", "दार" आणि आणखी एक शब्द म्हणतात, जो मेघनाने मला सांगितला नाही. गाड्या पुकारणाऱ्या माणसाला रागाचे शब्द आधी आठवतात म्हणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

राजेशने आज बिल्डिंगमध्ये दहावं कनेक्शन दिलं. तळमजल्यावर नवे भाडेकरू आलेत. पाळीचं त्याला काय माहीत. त्याने हाताला आली ती वायर काढली. ती आमची होती आणि शामरावांचा तास चालू होता.

मी ऑफिसातच होतो. नव्या जोडणीची सूचना मला आली तेव्हा मी राजेशला अंगठा पाठवला.

घरी आलो तर मेघना पलंगावर बसली होती, दिवा न लावता. मी विचारलं तेव्हा सांगितलं. शामराव यशोदाबाईंचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते. "य" जमला, "शो" जमला आणि चित्र अडकलं. नंतर यशोदाबाईंचा साधा फोन आला. म्हणाल्या, "ताई, ते मोबाइल बघून हात जोडतायत. समोर बसायला तयार नाहीत. त्यांना वाटतं, दर वेळी त्यांचीच जीभ अडकते म्हणून तुम्ही बोलायच्या थांबता." बाईंनी समजावलं की नेट गेलं. त्यांना ते पटत नाही. नेट अडकलं काय आणि शब्द अडकला काय, समोरच्या माणसाचा चेहरा तसाच राहतो.

मला हे फार वेगळं वाटलं. मी म्हटलं, "ही गोष्ट मी मॅडमना सांगू का? ग्राहकाच्या अनुभवाबद्दल त्यांना अशी उदाहरणं हवी असतात."

मेघना म्हणाली, "हितेंद्र, सतरा तारखेला माझी तक्रार तू बंद केलीस ना?"

मी म्हटलं, सिस्टिममध्ये तशी सोय आहे.

ती माझं पूर्ण नाव क्वचितच घेते. तिने कपाट उघडलं. बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. घाबरलो. पण ती म्हणाली, उद्या देवगडला जाते, त्यांच्यासमोर जाऊन बसल्याशिवाय ते परत बोलायचे नाहीत. तेव्हा जरा हायसं वाटलं. एका पेशंटसाठी एवढा प्रवास कोण करतं, असंही वाटलं. तसं बोललो नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मेघना अजून देवगडलाच आहे. घर शांत. बाबा आणि मी एकमेकांशी फारसं बोलत नाही, त्यामुळे तशी अडचण नाही.

आज ऑफिसातून आलो तर दारावर नवी पांढरी वायर. आत एक परका राउटर, चारही दिवे हिरवे. दुसऱ्या कंपनीचा. बाबा त्यावर वाडीच्या जत्रेचा व्हिडिओ बघत होते. मी विचारलं, हे कुणी बसवलं? "सुनेन सांगल्यान. माका विचारल्यानी, मी होय म्हटलंय."

मी म्हटलं, बाबा, मी झेपनेटमध्ये नोकरी करतो. माझ्या घरी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन, हे ऑफिसात कळलं तर?

बाबांनी व्हिडिओ थांबवला. म्हणाले, "तुझ्या कंपनीत सगळे बोलतत रे. जोडणारो कोण आसा?" आणि पुन्हा चालू केला. व्हिडिओ कुठेही अडकला नाही, हे मात्र मी पाहिलं.

आमचा राउटर देवघराच्या फळीवरच आहे. दिवा लाल आहे, पण मी तो बंद केलेला नाही. काढून टाकणं बरोबर वाटेना.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मेघना आली. काळवंडली आहे, पण चेहरा मोकळा. मी स्टँडवर घ्यायला जाणार होतो, पण मीटिंग निघाली. तिने सांगितलं, पहिले दोन दिवस शामराव तिच्यासमोर बसलेच नाहीत. ती त्यांच्याबरोबर नुसती अंगणात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून एसटी गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून गाडीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. झालं नाही, पण थांबले नाहीत. मोबाइल अडकला तर काय करायचं तेही तिने त्यांना शिकवलं: चित्र थांबलं की हात वर करायचा, ती इकडून फोन करेल. यशोदाबाईंनी आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलं आहे.

मी तिला विचारलं, नवं कनेक्शन घेताना मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, तुझी विनंती पुढे पाठवली असती. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी विषय वाढवला नाही.

तिने मॅडमना मेल करून हेल्पलाइनवरचा स्वतःचा आवाज काढून घ्यायला सांगितलं आहे. कारण एका ओळीत दिलं: मी जे बोलते ते खरं असावं असं मला वाटतं. मॅडमनी तो मेल मला पाठवून पुढे फक्त प्रश्नचिन्ह टाकलं. मी कळवलं की तिचा घसा बसला आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी एकेक करून झेपनेट सोडलं. काकींनी, नाईकांनी, तिसऱ्या मजल्याने, दहाव्या घरानेसुद्धा. पण कनेक्शन सोडण्याची विनंती ही तक्रार धरत नाहीत, ती दुसऱ्या विभागाकडे जाते. त्यामुळे माझ्या पडद्यावर आमची बिल्डिंग आता अशी दिसते: तक्रारी, शून्य. मी दोनदा तपासलं.

मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. "शून्य," त्या म्हणाल्या. "अख्ख्या झोनमध्ये शून्य कुणाला जमलेलं नाही."

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या इतक्या खूश होत्या की मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुरस्कार मिळाला. लोअर परळच्याच एका हॉटेलात कार्यक्रम होता. काचेची ट्रॉफी आहे, आत निळा ढग. मॅडमनी विचारलं, शून्यापर्यंत पोचण्याचं रहस्य काय? मी तयारी केली नव्हती. मी म्हटलं, "संवाद. घरच्यांशी बोलतो तसं ग्राहकांशी बोलायचं." टाळ्या बऱ्याच वाजल्या. चिंतामणी मागे उभा होता, तो वाजवताना माझ्याकडे बघत नव्हता. तो थोडा मत्सरी आहे.

मेघनाला बोलावलं होतं. तिचा शामरावांचा तास होता. बाबा म्हणाले, माझे गुडघे दुखतात. माझ्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तिथे दुसऱ्या टीमची माणसं येऊन बसली.

घरी परत चालत आलो, करी रोडच्या पुलावरून. ट्रॉफी जड आहे. काकी दारात उभ्या होत्या, त्यांनी काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, आपल्या बिल्डिंगला मिळालंय. त्या म्हणाल्या, "हो? कशाबद्दल?" मी म्हटलं, आपण सगळे समाधानी आहोत म्हणून. त्यांनी ट्रॉफी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "चांगली आहे. जेवलास का?" मी नाही म्हटलं. कार्यक्रमात खायला मिळालं नव्हतं, सगळे फोटो काढत होते. काकींनी मला आत बसवून आमटीभात वाढला.

हेल्पलाइनवर आता कॉम्प्युटरचा आवाज बसवला आहे. तो "तक्रार"ला "टकरार" म्हणतो. अजून तरी कुणी तक्रार केलेली नाही.

शनिवार, १ मार्च

सुट्टी. सकाळी मेघना म्हणाली, "तास आहे, गॅलरीत बसशील का?" मी खुर्ची घेऊन बाहेर बसलो. तिला आवाज नको असतो. बाबा खाली पेपर वाचायला गेले होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

आधी चित्रं दाखवणं झालं. मग यशोदाबाईंनी पलीकडून विचारलं, "चहा ठेवू का?" बहुधा मेघनाला नाही, त्यांना विचारत असाव्यात. इतका वेळ कुणी बोललं नाही की मला वाटलं, नव्या कंपनीचंही अडकलं. मनात थोडं बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

मग एक जाडसर, घसरत चाललेला आवाज आला. "चहा." मग थोड्या वेळाने, "नको."

यशोदाबाई म्हणाल्या, "काय?"

"नको म्हटलं ना."

साध्या चहावरून इतकं तुटकपणे बोलायची गरज नव्हती. शामराव तिरसट असावेत. नंतर आतून काहीच आवाज येईना, म्हणून मी दार ढकलून पाहिलं. मेघना दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरून राउटरकडे बघितलं. चारही दिवे हिरवे होते.

मी विचारलं, "नेट गेलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि हाताने मला तिथेच बसायची खूण केली. मी तिच्या शेजारी पलंगाच्या कडेवर टेकलो. पडद्यावर एक दाढी वाढलेला माणूस आणि पदराने नाक पुसणारी बाई दिसत होती. शामरावांना मी पहिल्यांदाच पाहिलं. तसे तिरसट वाटले नाहीत. यशोदाबाई त्यांना परत विचारत होत्या, चहा ठेवू का, आणि ते नको म्हणत होते. त्या पुन्हा विचारत होत्या. ते पुन्हा नको म्हणत होते. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी ऐकत बसलो.